सर्वोत्तम तरुण फुटबॉलपटू: मतं खेळाडूंची, पुढचं मात्र कुणाच्या हाती?

१९ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी मँचेस्टरच्या ऑपेरा हाऊसमध्ये ॲस्टन व्हिलाच्या मॉर्गन रॉजर्सचं नाव पुकारलं गेलं. २०२४-२५ च्या हंगामातला इंग्लिश फुटबॉलमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू. त्याच समारंभात थोरला पुरस्कार लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने तिसऱ्यांदा जिंकला, त्यामुळे मथळे त्याचेच झाले. पण शनिवार-रविवारी रात्री बेळगाव, कोल्हापूर किंवा मडगावात टीव्हीपुढं बसून प्रीमियर लीग बघणाऱ्यांना रॉजर्सची ओळख करून द्यायला नको. वेस्ट ब्रॉमच्या अकादमीत वाढलेला, मँचेस्टर सिटीने घेऊन मुख्य संघात न खेळवलेला, लिंकन, बोर्नमथ, ब्लॅकपूल असा लोनवर फिरलेला, मिडल्सब्रोने विकत घेतलेला आणि २०२४ च्या सुरुवातीला व्हिलात आलेला हा गडी. दीड वर्षात तो देशातला पहिल्या नंबरचा तरुण खेळाडू ठरला.

ठरवलं कुणी? इथंच या पुरस्काराची गंमत आहे. ना पत्रकारांनी, ना महासंघाने, ना प्रेक्षकांनी. त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांनी.

युनियनचं बक्षीस

मराठी बातम्यांत याचा उल्लेख नुसता ‘पीएफए पुरस्कार’ असा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही आपल्या फुटबॉल महासंघासारखी काहीतरी संस्था असणार. तसं नाही. पीएफए म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, आणि ती आहे खेळाडूंची कामगार संघटना. एसटी कामगारांची असते, साखर कारखान्यातल्या कामगारांची असते, तशीच युनियन.

तिचा पाया १९०७ साली मँचेस्टरमध्ये घातला गेला. पुढाकार घेणाऱ्यांत मँचेस्टर युनायटेडचा बिली मेरेडिथ होता. त्या काळी खेळाडूचा पगार आठवड्याला ४ पौंडांच्या वर जाता कामा नये, असा नियमच होता. सामना बघायला हजारोंनी लोक येवोत, तिकिटांचे पैसे क्लबच्या गल्ल्यात, खेळाडूला मात्र ठरलेली मजुरी. ही कमाल मर्यादा हळूहळू वाढत २० पौंडांपर्यंत आली आणि जिमी हिल अध्यक्ष असताना युनियनने संपाची तयारी केली तेव्हा कुठं जानेवारी १९६१ मध्ये ती उठली. आज आठवड्याला लाखो पौंड घेणाऱ्या खेळाडूंकडे बघून हे खरं वाटत नाही, पण पुरस्कार देणारी संघटना ती हीच.

याच युनियनने १९७४ पासून दोन पुरस्कार सुरू केले. एक वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, दुसरा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा. मतदार म्हणजे प्रीमियर लीगमधले २० आणि खालच्या तीन श्रेणींतले ७२ अशा ९२ क्लबांचे खेळाडू. चौथ्या श्रेणीतल्या क्लबचा बचावपटू, ज्याला कधी लिव्हरपूलच्या मैदानावर उतरायची संधी मिळणार नाही, त्याचंही मत एक आणि सलाहचंही एकच.

इतर नामांकित पुरस्कारांशी ताडून बघितलं की फरक लगेच कळतो. युरोपातला ‘गोल्डन बॉय’ २००३ पासून इटलीच्या ‘तुत्तोस्पोर्त’ या क्रीडा दैनिकाने सुरू केला, तिथं पत्रकार मत देतात. ‘कोपा ट्रॉफी’ २०१८ पासून ‘फ्रान्स फुटबॉल’ देतं, तिथं बॅलन डी’ओर मिळवलेले जुने खेळाडू निवड करतात. पीएफएचं मात्र शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिलेलं प्रमाणपत्र आहे. ज्याच्या पायाला आपण दर आठवड्याला अडवायला जातो आणि अडवता येत नाही, त्याला मत.

पहिला मान मिळाला इप्सविच टाऊनच्या केव्हिन बीटीला. मूळचा कार्लाइलचा, गरीब घरातला पोरगा. त्याची एक गोष्ट इंग्लंडमध्ये अजून सांगतात. लिव्हरपूलने चाचणीसाठी बोलावलं होतं, हा रेल्वेने उतरला तर स्टेशनवर न्यायला कुणीच आलं नव्हतं. बिचारा तसाच माघारी घरी गेला. नंतर इप्सविचच्या बॉबी रॉब्सनने बोलावलं तेव्हा मात्र माणूस पाठवून त्याला उतरवून घेतलं. लिव्हरपूलचा तोटा, इप्सविचचा फायदा. रॉब्सन पुढे इंग्लंडचे मॅनेजर झाले, जगभर फिरले, तरी आपण पाहिलेला सर्वांत चांगला इंग्लिश खेळाडू म्हणून नाव बीटीचंच घेत राहिले. त्याचं पुढं काय झालं ते खाली येईलच.

पाचव्या-सहाव्या वर्षीच या यादीत एक नाव असं आलं की, त्याच्यासाठी मतपत्रिका खेळाडूंच्या हाती असणं किती महत्त्वाचं होतं, ते कळतं. १९७९ चा विजेता सिरिल रेजिस. फ्रेंच गयानात जन्मलेला, लहानपणी इंग्लंडमध्ये आलेला, इलेक्ट्रिशियनचं काम करत हेज नावाच्या हौशी क्लबकडून खेळणारा. वेस्ट ब्रॉमने १९७७ मध्ये त्याला ५,००० पौंडांत घेतलं. या यादीतला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या दिवसांत इंग्लंडच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जायची, माकडांचे आवाज काढले जायचे. लॉरी कनिंगहॅम, ब्रेंडन बॅटसन आणि रेजिस या तिघांना वेस्ट ब्रॉमकडून खेळताना हे आठवड्याला सोसावं लागे. गॅलरीत हा प्रकार चालू असताना मैदानावरच्या खेळाडूंनी, त्यातले बहुतेक सगळे गोरे, आपलं मत रेजिसला दिलं. यामुळे गॅलरी सुधारली, असं काही नाही. १९८२ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाल्यावर रेजिसला टपालातून बंदुकीची गोळी आली होती. त्याचा साथीदार बॅटसन पुढे याच युनियनमध्ये वरिष्ठ पदावर गेला.

तरुण म्हणजे किती वर्षांचा?

आता अटींकडे. अनेक वर्षं नियम असा होता की हंगाम सुरू होताना खेळाडू २३ वर्षांचा किंवा त्याहून लहान हवा. ऐकायला ठीक वाटतं. पण हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, पुरस्कार पुढच्या एप्रिलमध्ये मिळायचा, तोवर काहीजण चोविशीत गेलेले असायचे.

२०१० चा विजेता जेम्स मिलनर. तो २००२ मध्येच, सोळाव्या वर्षी लीड्सकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला होता. म्हणजे आठ हंगाम खेळून झाल्यावर, २४ व्या वर्षी ‘तरुण खेळाडू’ची ट्रॉफी. २०१९ चा रहीम स्टर्लिंग तर तोवर दोन विश्वचषक खेळून आला होता. आपल्याकडे भरतीच्या जाहिरातीत वयाची अट वाचून जन्मतारखेची आकडेमोड करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

सगळ्यांत मजेशीर प्रकरण गॅरेथ बेलचं. २०११ मध्ये स्परच्या या २१ वर्षांच्या खेळाडूला थोरला पुरस्कार मिळाला, म्हणजे सगळ्या इंग्लंडमध्ये तो एक नंबर. आणि त्याच वर्षी तरुणांचा पुरस्कार गेला आर्सेनलच्या जॅक विल्शरकडे. पुढे २०१३ मध्ये बेलने दोन्ही पुरस्कार घेतले. आधी सगळ्यांत मोठा, मग दोन वर्षांनी सगळ्यांत मोठा तरुण! एकाच वर्षी दोन्ही पुरस्कार घेणारे २०२५ पर्यंत तिघेच झाले: १९७७ मध्ये व्हिलाचा अँडी ग्रे, २००७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा क्रिस्तियानो रोनाल्डो आणि २०१३ मध्ये बेल. ग्रेला तर समारंभाला जाताही आलं नव्हतं. लीग कपचा अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळायचा होता, मॅनेजर रॉन सॉन्डर्सनी सोडलं नाही.

मतदानाची वेळ हाही एक तिढा होता. हंगाम संपायच्या बराच आधी मतं गोळा व्हायची, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत कुणी कितीही चमकला तरी उपयोग नाही. २००४ चा विजेता स्कॉट पार्कर चार्लटनकडून अर्धा हंगाम जबरदस्त खेळला, जानेवारीत १ कोटी पौंडांना चेल्सीकडे गेला आणि ट्रॉफी घेतली ती चेल्सीचा खेळाडू म्हणून, जिथं तो बराचसा बाकावरच होता.

अलीकडे दोन्ही बाबी दुरुस्त झाल्या. समारंभ हंगाम संपल्यावर, आता तर ऑगस्टमध्ये होतो. आणि वयाची अट २१ वर आली. तरीही जुलैअखेर वाढदिवस असलेल्या रॉजर्सने ट्रॉफी उचलली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. म्हणजे समारंभ पुढं सरकला आणि वय परत तिथंच आलं.

महिला खेळाडूंसाठीचा पुरस्कार २०१४ पासून सुरू झाला. त्यात लॉरेन हेम्पने चार वेळा बाजी मारली, पुरुषांत तसं कुणाला जमलेलं नाही. तिकडे लागोपाठ दोनदा जिंकणारे पाच आहेत: रायन गिग्ज, रॉबी फाउलर, वेन रूनी, डेले अली आणि फिल फोडेन. तीनदा कुणीच नाही.

पुरस्कारानंतर

हिशेबाचा एक जुना नियम आहे. होणारं नुकसान दिसलं की लगेच वहीत धरायचं, पण नफा हातात पडल्याशिवाय लिहायचा नाही. हा पुरस्कार नेमकं उलटं करतो. जो नफा अजून यायचाय, तो आजच जमेला धरतो. म्हणून ५२ वर्षांची यादी वहीसारखी उघडून बघायला हरकत नाही.

१९७४ ते २०२५ या काळात ५२ पुरस्कार, दोनदा जिंकलेले पाच वजा केले तर खेळाडू ४७. यातले थोरला पुरस्कारही कधी ना कधी मिळवणारे १०: ग्रे, इयान रश, मार्क ह्यूज, गिग्ज, स्टीव्हन जेरार्ड, रूनी, रोनाल्डो, बेल, एडन हॅझार्ड आणि फोडेन. गिग्जला तर पहिल्या तरुण पुरस्कारानंतर १७ वर्षं थांबावं लागलं, तो मिळाला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पाचात एक, हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. मतदारांना कळत नाही असं नाही. मात्र त्यांचाही डोळा गोलाकडेच जातो. ४७ जणांत गोलरक्षक एकच, १९७५ चा वेस्ट हॅमचा मर्विन डे. बचावपटू चार: बीटी, टोनी ॲडम्स, काइल वॉकर आणि ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड. बाकी सगळे पुढचे नाहीतर मधले.

क्लबांच्या दृष्टीने या तरुणांचा भाव काय असतो, त्याचं उदाहरण निकोला अनेल्का. १९९९ चा विजेता, ब्रिटनबाहेरचा पहिला. आर्सेनलने १९९७ मध्ये त्याला पॅरिसहून ५ लाख पौंडांत आणलं आणि पुरस्काराच्याच वर्षी रेआल माद्रिदला २ कोटी पौंडांहून जास्त रकमेला विकलं. त्या पैशातून आर्सेनलचं नवं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, असं सांगितलं जातं.

पण वहीची दुसरी बाजूही आहे. तिथं सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द आहे: गुडघा.

पहिला विजेता बीटी. गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन तो खेळत राहिला. १९७८ चा एफए कप त्याने इप्सविचबरोबर जिंकला, पण इंग्लंडकडून एकूण सामने खेळला फक्त ९. तिशीच्या आत मोठा खेळ संपला. पुढे तो स्थानिक रेडिओवर इप्सविचच्या सामन्यांबद्दल बोलायचा. २०१८ मध्ये ६४ व्या वर्षी गेला.

१९८१ चा विजेता गॅरी शॉ, तोही रॉजर्ससारखा व्हिलाचाच. त्या वर्षी व्हिलाने सगळा हंगाम अवघ्या १४ खेळाडूंवर काढला आणि लीग जिंकली. शॉने १८ गोल केले. पुढच्या वर्षी रॉटरडॅममध्ये बायर्न म्युनिकला हरवून व्हिला युरोपचा विजेता झाला. काही महिन्यांत, सप्टेंबर १९८२ मध्ये, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध शॉचा गुडघा गेला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे आजच्या नियमाने ‘तरुण’ पुरस्कारासाठी अजून पात्र. १४ खेळाडूंवर लीग जिंकली, हे व्हिलाचे चाहते आजही अभिमानाने सांगतात. पण १४ जणांनीच तो भार वाहिला, हेही त्यातच आलं. शॉचं २०२४ मध्ये निधन झालं.

मायकल ओवेन, १९९८. अठराव्या वर्षी १८ लीग गोल, त्याच उन्हाळ्यात विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धचा तो गोल. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सच्या मैदानावर पळता पळता मांडीमागचा स्नायू फाटला. २००१ मध्ये त्याला बॅलन डी’ओर मिळाला खरा, पण त्या दुपारनंतर आपण पूर्वीसारखे राहिलो नाही, असं ओवेननेच पुढे अनेकदा सांगितलं.

आणि विल्शर. बेलला मागे टाकून २०११ मध्ये निवडला गेलेला. फेब्रुवारी २०११ मध्ये आर्सेनलने बार्सिलोनाला हरवलं त्या रात्री शावी आणि इनिएस्ता समोर असताना १९ वर्षांचा हा पोरगा मैदानाच्या मधोमध मालकासारखा वावरला. त्या हंगामात त्याने प्रीमियर लीगचेच ३५ सामने खेळले, वर कप आणि युरोप वेगळे. पुढचा सबंध हंगाम तो घोट्याच्या दुखण्यामुळे एकही सामना खेळला नाही. तिथून घोटा, गुडघा, पाय असं एकामागून एक चालूच राहिलं. २०२२ मध्ये ३० व्या वर्षी त्याने बूट टांगले आणि प्रशिक्षणाकडे वळला.

दुखापत नशिबाचा भाग आहे, हे कुणीही मान्य करेल. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला एका हंगामात किती खेळवायचं, हा निर्णय नशीब घेत नाही, तो मॅनेजर आणि क्लब घेतो. वाढत्या वयातल्या खेळाडूंवरचा सामन्यांचा भार हा आज खेळाडूंच्या युनियनांचा सगळ्यांत मोठा मुद्दा झाला आहे. म्हणजे एका हाताने युनियन या पोरांना ट्रॉफी देते आणि दुसऱ्या हाताने क्लबांना सांगते, जरा दमानं घ्या.

सगळंच काही हाडामांसाचं नसतं. २०१६ आणि २०१७ चा विजेता डेले अली. मिल्टन कीन्सचा. स्परने त्याला सुमारे ५० लाख पौंडांत घेतलं आणि दोन वर्षांत त्याच्या किमतीचे आकडे ऐकून लोक तोंडात बोट घालू लागले. २०१६-१७ मध्ये मिडफिल्डला खेळून १८ लीग गोल. त्यानंतर उतरण लागली. एव्हर्टन, तुर्कस्तान, पुन्हा एव्हर्टन. लोक म्हणत राहिले, पैसा डोक्यात गेला. जुलै २०२३ मध्ये गॅरी नेव्हिलला दिलेल्या मुलाखतीत त्याने लहानपणी सोसलेला लैंगिक अत्याचार, झोपेच्या गोळ्यांचं व्यसन आणि अमेरिकेतल्या केंद्रात घेतलेले उपचार, सगळं सांगितलं. २४ व्या वर्षीच खेळ सोडावा असं वाटलं होतं, हेही. ज्या वर्षांत सहकारी त्याला मतं देत होते, त्या वर्षांतही हे ओझं त्याच्या पाठीवर होतंच. मार्च २०२५ मध्ये इटलीच्या कोमोकडून तो दोन वर्षांनी मैदानात उतरला आणि दहा-एक मिनिटांत लाल कार्ड घेऊन बाहेर आला. सप्टेंबरमध्ये कोमोशीही करार संपला.

दुसऱ्या टोकाला फोडेन आहे. मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओलांनी त्याला तीन हंगाम जपून, मोजून खेळवला. २०१७-१८ च्या लीगमध्ये फक्त ५ वेळा. तेव्हा ओरड अशी होती की पोरगा बाकावर कुजतोय, लोनवर तरी पाठवा. पाठवला नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये तरुणांचा आणि २०२४ मध्ये थोरला पुरस्कार त्याने घेतला. पण त्याच सिटीत कोल पामरला खेळायला मिळेना, तो सप्टेंबर २०२३ मध्ये चेल्सीला गेला, २२ लीग गोल ठोकले आणि २०२४ चा तरुण पुरस्कार घेऊन गेला. एकाच क्लबमध्ये एकाला थांबल्याने फळलं आणि दुसऱ्याला निघून गेल्याने. याचं सूत्र काढायला बसू नये.

इकडचा हिशेब

फोडेनवरून थेट आपल्याकडे येता येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असं हरवलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला फोडेन. त्याच स्पर्धेत दिल्लीत खेळलेल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दोघांचा जन्म २००० सालचा, फोडेन मे महिन्यातला, अनिकेत जुलैमधला. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघणाऱ्या कोल्हापुरात त्या वेळी किती कौतुक झालं होतं, ते आठवत असेल. भारत तिन्ही सामने हरला, पण विश्वचषकातला पहिला भारतीय गोल त्या पोरांनीच केला, जिक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध.

त्यानंतर फोडेनच्या वाट्याला काय आलं ते वर आलंच. अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा खेळत राहिला. तुलना माणसांची नको, व्यवस्थेची करू. इंग्लंडमध्ये एका क्लबला लीगचेच ३८ सामने, वर दोन कप, जमलं तर युरोप. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, २०२४-२५ ला १३ संघ होते आणि प्रत्येकाला साखळीचे २४ सामने. तिकडे पोरं जास्त खेळून मोडतात. इकडे खेळायला मिळेपर्यंत तरुणपण सरत येतं.

आयएसएलचाही असा पुरस्कार आहे, २०१४ च्या पहिल्या हंगामापासून. त्याचं नाव ‘उदयोन्मुख खेळाडू’. पहिला मानकरी २१ वर्षांचा संदेश झिंगन, नंतर भारताच्या बचावाचा कणा झाला. दुसऱ्या वर्षी चेन्नईयिनचा जेजे लालपेखलुआ. तो तेव्हा २४ वर्षांचा आणि चार वर्षांपासून भारताकडून खेळत होता! तो हंगाम गोव्याच्या लोकांना वेगळ्या कारणाने आठवतो, फातोर्ड्यावर आपल्याच घरात एफसी गोवा अंतिम सामना २-३ असा हरला होता. पुढे सहल अब्दुल समद, अपुइया, विक्रम प्रताप सिंग अशी नावं आली. ईशान्येची पोरं या यादीत बरीच आहेत.

आणि २०२४-२५ चा मानकरी गोव्याचा. एफसी गोव्याच्या तरुण संघातून वर आलेला ब्रायसन फर्नांडिस, कडेने पळणारा चपळ आघाडीवीर. जन्म २००१ चा. इंग्लंडचा आजचा नियम लावला तर तो या पुरस्काराला पात्रच ठरला नसता. उलट बघितलं तर ज्या वयात तिकडचा मिलनर आठ हंगाम काढून बसला होता, त्या वयात इकडच्या खेळाडूला ‘उदयोन्मुख’ म्हणतात, कारण पहिल्या अकरात जागा मिळतेच उशिरा. अशा खेळाडूला पुरस्कारानंतर सगळ्यांत जास्त गरज असते ती पुढच्या हंगामाची.

तोच आला नाही. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, पुढचं काही ठरेना, म्हणून जुलैमध्ये हंगाम बेमुदत पुढे ढकलला गेला. क्लबांनी सराव थांबवले, काहींचे पगार अडकले, अशा बातम्या येऊ लागल्या. एफसी गोव्याचं नशीब एवढंच की मे महिन्यात सुपर कप जिंकल्यामुळे आशियातल्या चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली होती. निदान काही सामने तरी मिळणार होते.

त्यातला एक सामना २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर झाला, सौदीच्या अल नस्रविरुद्ध. गोव्यात महिनाभर चर्चा एकच होती, रोनाल्डो येणार का? २००७ चा तो दोन्ही पुरस्कारांचा मानकरी, वयाच्या चाळिशीत. तो आला नाही. अल नस्रने दोन गोल करून सामना जवळजवळ खिशात टाकला होता. मध्यंतराला चार-पाच मिनिटं उरली असताना ब्रायसनने चेंडू जाळ्यात मारला आणि फातोर्डा उठून उभं राहिलं. सामना एफसी गोवा १-२ ने हरला. भारताच्या ‘उदयोन्मुख’ खेळाडूने आशियातल्या एका बलाढ्य संघावर गोल केला त्या रात्री आयएसएलचा पुढचा सामना कधी, याची तारीख कुणाकडेच नव्हती.